पुण्यात ‘खाऊनपिऊन सुखी’ म्हणजे नेमके किती?

दाखलेबहाद्दर

नमस्कार मंडळी.

भाच्याच्या अ‍ॅडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. आमच्या ताईचं आणि सरकारी पोर्टलचं कधीच पटलेलं नाही, त्यामुळे महा ई-सेवा केंद्राच्या रांगेत मी. पुढे एक काका म्हाडाच्या लॉटरीची चौकशी करत होते, मागे एक बाई लाडक्या बहिणीच्या केवायसीसाठी उभ्या. वेळ भरपूर होता. प्रत्येकाची उत्पन्नाची मर्यादा ऐकून घेतली आणि घरी येऊन ताडून पाहिली.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाला पोचलं की महाराष्ट्रात रेशनकार्ड पांढरं. त्याच्या आत केशरी, आणि पिवळ्याची मर्यादा तर वर्षाला १५ हजार. आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) २५ टक्क्यांतली शाळेची जागा हवी असेल तर दुर्बल घटकाला मर्यादा तीच, १ लाख. लाडक्या बहिणीला अडीच लाख. १० टक्क्यांच्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बलांच्या) आरक्षणाला ८ लाखांच्या आत. पुणे महानगर प्रदेशात म्हाडाच्या घरासाठी ६ लाखांपर्यंत तुम्ही अत्यल्प उत्पन्न गटात, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम. आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत प्राप्तिकर शून्य, पगारदाराला पावणेतेरापर्यंत.

म्हणजे महिन्याला ४५ हजार मिळवणारा माणूस रेशनच्या खिडकीवर श्रीमंत, म्हाडाच्या खिडकीवर अत्यल्प उत्पन्नवाला, आणि प्राप्तिकरवाल्यांच्या खिजगणतीतही नाही. माणूस तोच, पँट तीच.

सरकारचं सोडून देऊ. तुम्ही स्वतःला सधन कधी म्हणाल? आकडा सांगा, नाहीतर खूण सांगा. ‘समाधान हीच खरी श्रीमंती’वाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

पेठेतला_पक्षी

शेवटची ओळ फ्रेम करून लावण्याजोगी आहे.

आमची केस घ्या. सदाशिव पेठेतला वाडा. आजोबांना चार मुलगे, त्यांची मुलं, दोन आत्यांचे वारस. प्रॉपर्टी कार्डावर आता एकोणीस नावं. बिल्डरच्या हिशेबाने माझ्या वाट्याची किंमत सव्वा कोट. त्यासाठी एकोणीस सह्या लागतात. त्यातली एक नाशिकच्या चुलतभावाची, आणि तो १९९८ च्या एका लग्नातल्या मानपानावरून अजून रुसलेला आहे.

वर एक भाडेकरू. भाडं महिना ७५ रुपये. पूर्वी ते मनिऑर्डरने यायचं, कारण काका हातात घ्यायला तयार नव्हते. आता भाडेकरूंचा नातू फोनवरून पाठवतो आणि सोबत ‘रेंट’ असं लिहितो, न चुकता. दर पावसाळ्यात मागच्या पडवीवर ताडपत्री टाकायची झाली की आम्ही सव्वा कोटवाले वर्गणी काढतो.

लिहा मला कुठल्या रकान्यात लिहायचं ते.

बालेवाडीचा_बैल

खरं सांगितलं तर शिव्या पडणार, तरी सांगतो. आम्ही दोघं हिंजवडीत. दोघांचं मिळून पॅकेज ३८ लाख. हातात महिन्याला साधारण अडीच.

फ्लॅटचं कर्ज १ कोटी ५ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता ९१ हजार. (शेवटपर्यंत भरला तर २ कोटी १८ लाखांच्या वर जातो. हा गुणाकार रात्री करू नये.) दोन मुलांची शाळा, बस आणि ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ महिन्याला काढली तर ३२. गाडीचा हप्ता १६. लातूरला आईबाबांना २०. स्वयंपाकाच्या मावशी, वरकामाच्या ताई मिळून १४. मेंटेनन्स ८, उन्हाळ्यात टँकरचं वेगळं. एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) २५. उरलेल्या चव्वेचाळीसमध्ये किराणा, पेट्रोल, औषधं, कुणाची मुंज, कुणाचं बारसं.

गावाकडे गेलो की लोक मला सावकार समजतात. मला मात्र मीटिंगला एचआरचं नाव दिसलं की पोटात खड्डा पडतो. स्वतःला सधन म्हणवत नाही. गरीब म्हणायला लाज वाटते, तेवढी अक्कल आहे.

कट्टा_क्र_४

अडीच लाख हातात येऊन रडगाणं. धन्य.

निगडीची_निशा

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. बैलांनी टँकरचा आकडा झाकून ठेवला आहे, तो द्या. बालेवाडी-बाणेरात लोक व्ह्यूचे पैसे भरतात आणि पाणी ट्रकने येतं, हे आम्हा निगडी प्राधिकरणवाल्यांचं आवडतं करमणुकीचं साधन आहे.

पिंपरीचा_भोंगा

मी सधन आहे. आतापर्यंत कुणीच कबूल झालं नाही म्हणून मी लिहितो.

पिंपरीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. २०१२ ला निवृत्त. ईपीएसची (पीएफसोबतची) पेन्शन कशी काढतात हे पोरांना माहीत नसतं: पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. आता हा पगार धरायचा तो हातात येणारा नव्हे. आमच्या वेळी त्याला ६,५०० ची मर्यादा होती. ती १५,००० झाली सप्टेंबर २०१४ मध्ये, तोवर मी घरी बसून पेपर वाचत होतो. मला महिना २,१०० च्या आसपास मिळतात. सरकारने ठरवलेली किमान पेन्शन १,००० आहे, तेव्हा मी किमानाच्या दुप्पट.

पीएफ आणि ग्रॅच्युइटीतले १५ लाख पोस्टात सीनियर सिटिझन योजनेत आहेत, ८.२ टक्क्यांनी. दर तिमाहीला ३०,७५० खात्यात पडतात. घर प्राधिकरणातलं, कर्ज कधीच फिटलंय. सत्तरी ओलांडली म्हणून ५ लाखांचं आयुष्मान कार्ड निघालं. दाखलेबहाद्दर, तुमच्या यादीत हेही घाला: तिथे उत्पन्न विचारत नाहीत, फक्त आधारवरची जन्मतारीख बघतात.

खर्च दोघांचा एवढ्यात भागतो. भाजी मी आणतो, संध्याकाळी उशिरा, भाव उतरल्यावर. मुलगा वेगळा राहतो, त्याच्याकडे मागावं लागत नाही. नातवाला वाढदिवसाला २,१०० देतो, म्हणजे एक अख्खी पेन्शन! त्या दिवशी मी टाटा-बिर्ला.

चक्रवाढ_चंदू

काका, तुम्हाला साष्टांग नमस्कार, पण हे मॉडेल पुढच्या पिढीला चालणार नाही. भावनेत न जाता गणित बघू.

महागाई ६ टक्के धरली तर ७२ भागिले ६ (दुप्पट व्हायची वर्षं काढायचा ठोकताळा), म्हणजे १२ वर्षांत खर्च दुप्पट. आज ८० हजारांत चालणारं घर १२ वर्षांनी १ लाख ६० हजार मागणार, २४ वर्षांनी ३ लाख २०. पोस्टाचं व्याज मात्र आहे तेवढंच. सधन म्हणजे ज्याच्या गुंतवणुकीतून घरखर्च निघतो तो. वर्षाचा खर्च ९ लाख ६० हजार असेल तर पंचवीसपट, २ कोटी ४० लाख. पंचवीसपटीचा नियम १९९४ चा, अमेरिकी बाजाराच्या इतिहासावर बेतलेला. आपल्याकडे तेहतीसपट धरा. सव्वातीन कोटींच्या जवळ जातं. राहतं घर त्यात मोजायचं नाही, सोन्याच्या बांगड्या मोजायच्या नाहीत.

ज्याच्याकडे एवढं आहे तो सधन. बाकी सगळे पगारावर टांगलेले, बैलसाहेबांसकट.

बालेवाडीचा_बैल

थँक यू. रात्री गुणाकार करू नये म्हटलं होतं ना.

नदीकाठची

चंदू, बांगड्या मोजायच्या नाहीत म्हणालात म्हणून लिहिते आहे. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

आम्ही शनिवार पेठेत नदीच्या बाजूला राहत होतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांची. वडिलांचा छापखान्याला शाई आणि कागद पुरवायचा व्यवसाय होता. तळमजल्यावर गोदाम. दुपारपर्यंत सगळ्या कागदाचा लगदा झाला होता. वह्या गेल्या, म्हणजे कुणाकडून किती येणं आहे त्याचा पुरावाच गेला. आदल्या दिवशीपर्यंत आम्हाला लोक तालेवार म्हणत असत.

वाचलं काय, तर आईच्या पाटल्या. का, तर त्या घरात नव्हत्याच. आषाढात धंद्याला पैसे लागायचे म्हणून वडिलांनी त्या गुपचूप रविवार पेठेत एका सराफाकडे गहाण टाकल्या होत्या. आईला हे त्या दिवशी कळलं. चिडावं की देव पाण्यातून काढावेत, तिला समजेना.

त्यानंतर काय झालं ते महत्त्वाचं. वह्या नसताना देणेकऱ्यांपैकी काही आपण होऊन आले आणि आकडा सांगून पैसे देऊन गेले. काही आले नाहीत, आणि वडील त्यांच्या दारात गेले नाहीत. कोपऱ्यावरच्या वाण्याने दिवाळीपर्यंत डब्यात धान्य कमी पडू दिलं नाही. वहीत लिहायचा, विचारायचा नाही. तुमच्या पंचवीसपटीत ही रक्कम कुठे धरायची ते सांगा. वाद घालत नाही, खरंच विचारते आहे.

चक्रवाढ_चंदू

आजी, नाही धरता येत. पण आज तो वाणी कुठे आहे? आम्हाला दहा मिनिटांत सामान आणून देणारा मुलगा आहे. तो उधार देत नाही, आणि त्याचं नावही आम्हाला माहीत नसतं. म्हणून तर आकडा मोठा लागतो.

निगडीची_निशा

चंदूंना पहिल्यांदाच +१. पुन्हा होणार नाही.

बीएमसीसी_रोडवरून

थोडं शहराच्या खात्यावर जमा करतो. गरिबीची रेषा काढण्याचं मोठं काम आपल्या पुण्यातच झालं आहे. गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली हिशेब मांडला: दिवसाला २,२५० कॅलरी पोटात जायच्या तर १९६०-६१ च्या भावांत माणशी महिना किती लागेल? खेड्यात १५ रुपये, शहरात साडेबावीस. सुरेश तेंडुलकर समितीचा अहवाल २००९ चा. त्याच्या आधारावर योजना आयोगाने २०११ मध्ये कोर्टात शहरासाठी दिवसाला ३२ रुपये सांगितले आणि देशभर गदारोळ झाला.

मुद्दा असा की खालची रेषा काढायला एवढी डोकी झिजली. वरची रेषा, म्हणजे इथून पुढे तुम्हाला आणखी नको, ही काढायला कुणालाच नेमलेलं नाही. चंदूंची पंचवीसपट ही तशी अनधिकृत वरची रेषा. पण तीही चंदूंनीच तेहतीसवर नेली, एका परिच्छेदात!

आर्टिकलशिप_चालू

मी बरेच दिवस इथे नुसती वाचते. आज लिहिते.

आम्ही जनता वसाहतीत राहतो, पर्वतीच्या उतारावर. आई सहकारनगरात चार घरची कामं करते. मी सीएची आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करते आहे. बैल यांच्या हिशेबात मावशी आणि ताई मिळून १४ हजार आहेत, त्या बाजूने हा धागा कसा दिसतो ते सांगते.

आमच्या गल्लीत भिशी आहे. वीस बायका, महिन्याला प्रत्येकी हजार, दर महिन्याला एकीला वीस हजार. चिठ्ठ्या टाकतात असं बाहेरून वाटतं. पहिल्या काही महिन्यांत चिठ्ठी नावालाच असते. कुणाच्या पोरीचं बाळंतपण, कुणाचं डिपॉझिट, कुणाचा पत्रा उडालेला. ज्यांना आधी हवे असतात त्या आधी येऊन सांगतात, आणि चालवणारी बाई त्यांना पुढे घेते. व्याज नाही. आधी उचलणारीला ते बिनव्याजी कर्ज. शेवटी घेणारीची ती बचत, तिलाही वर काही मिळत नाही. चंदूंच्या भाषेत शेवटचा नंबर घेणं मूर्खपणा आहे.

आई पहिली बरीच वर्षं तिसऱ्या-चौथ्या नंबरात असायची. एकदा तर पहिली, माझ्या दहावीच्या क्लासला. नंतर हळूहळू मागे सरकत गेली. गेल्या दोन भिश्यांत तिने स्वतःहून विसावा नंबर मागून घेतला. ज्या दिवशी तिने तो सांगितला त्या दिवशी बाकीच्या बायकांनी तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ते मी बघितलंय. “तुझं काय बाई आता, तू थांबू शकतीस.” कुणी साडी बघून किंवा टीव्ही बघून असं म्हणालं नव्हतं.

आमच्याकडे सधन ती, जी विसावा नंबर घेते.

दुसरी खूण म्हणजे मागच्या वर्षी तिने एक घर सोडलं. पगार चांगला होता, पण त्या बाई वाट्टेल तसं बोलायच्या. पाच वर्षांपूर्वी तिने ते ऐकून घेतलं असतं. पांढरं कार्ड आमच्याकडे नाही, केशरीच आहे. :)

दाखलेबहाद्दर

हा धागा काढल्याचं सार्थक झालं.

मला वाटतं आर्टिकलशिप यांनी जे सांगितलं त्याने वरचे बरेच प्रतिसाद एका ओळीत बसतात. बैल अडीच लाख मिळवतात, पण त्यांना थांबता येत नाही. दोन महिने पगार आला नाही तर बँक थांबणार नाही. भोंगाकाकांना भाव उतरेपर्यंत थांबता येतं. नदीकाठच्या आजींच्या वडिलांना दिवाळीपर्यंत थांबता आलं, कारण वाणी थांबला. बैल, नोकरी गेली तर तुम्ही किती महिने काढाल? खरा आकडा.

बालेवाडीचा_बैल

एसआयपी मोडून पाच. शाळेची फी मध्ये आली तर चार. गाडी विकली तर सहा, पण मग मुलाखतीला मेट्रोने (आमच्याकडे पोचली तर).

आर्टिकलशिप, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. आणि खरं विचारतो, भांडी-फरशीचं सहकारनगरात काय चालू आहे? आमच्याकडे सोसायटीच्या ग्रुपवर ‘एका कामाला इतकेच द्यायचे’ असा ठराव झालाय.

आर्टिकलशिप_चालू

घर आणि माणसं बघून. एका कामाचे दीड हजारापासून पुढे. तुमच्या ठरावावर सही करणाऱ्यांनी आपल्या कंपनीत सगळ्यांनी मिळून पगार वाढवायचे नाहीत असा ठराव झाला तर काय करतील ते आधी लिहावं.

कट्टा_क्र_४

कामवाल्या बायकांचे नखरे हल्ली फार झालेत. सुट्ट्या, दिवाळीला बोनस, वर…

*(पुढील मजकूर संपादित. धाग्याचा विषय बायकांच्या सुट्ट्या हा नाही. – संपादक मंडळ)*

पेठेतला_पक्षी

संपादक मंडळाला माझ्याकडून एक अमृततुल्य.

मुळशीकर_पाटील

थांबण्याचा विषय निघाला म्हणून बोलतो. आमचं गाव आयटी पार्काच्या कडेला. तुम्ही लोक आम्हाला गुंठामंत्री म्हणता, आम्हाला माहीत आहे. सोन्याची साखळी, पांढरी स्कॉर्पिओ, बैलगाडा शर्यत. चालू द्या.

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकरात ४०. माझ्या वडिलांनी पहिला दीड एकर विकला तो आयटीवाले पुरते यायच्या आधी. थोरल्या बहिणीचं लग्न आणि सोसायटीचं पीककर्ज, दोन्ही एका वर्षात. ज्या दराने विकला त्या पैशात आज त्या जमिनीवरच्या बिल्डिंगीत पार्किंगची जागा येणार नाही. शेजारच्या बांधावर ज्यांचे दोन पोरं पुण्यात नोकरीला होते त्यांनी दहा वर्षं काढली. माती तीच, ओढाही तोच. त्यांच्या घरात महिन्याला पगार येत होता, आमच्यात येत नव्हता, एवढाच फरक.

आणि पैसा आल्यावर काय करायचं हे शिकवायला कुणी आलं नाही. गाडी विकणारा आला, सोनार आला, निवडणुकीला उभं करणारा आला. बँकेचा माणूस आला तो एफडी घ्यायला, आणि एफडीवरचं व्याज महागाईत गेलं.

हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी वेगळं केलं. शंभरावर कुटुंबांनी, चारशे एकरांच्या आसपास जमीन न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले. विकून टाकलेल्याला एकदाच पैसा मिळतो, त्यांना ऑफिसांच्या भाड्यातून येत राहिला. पण त्यासाठी शंभर घरांचं एकमत लागतं. आमच्याकडे दोन भावांचं बांधावरून होत नाही.

पेठेतला_पक्षी

पाटील, एकोणीस सह्यांच्या वतीने तुम्हाला हस्तांदोलन.

बीएमसीसी_रोडवरून

पाटलांचा मुद्दा मोठा आहे. नियमित येणारी छोटी रक्कम मोठ्या रकमेला चांगल्या भावाची वाट बघू देते. भोंगाकाकांचे तिमाही ३०,७५० तेच काम करतात. बैल यांच्याकडे नियमित येणारी रक्कम दांडगी आहे, पण ती येण्याआधीच खर्ची पडलेली आहे.

स्वयंपाकघरातून

इतका वेळ सगळे ‘आम्ही’ म्हणून लिहीत आहेत. मी ‘मी’ म्हणून लिहिते.

आमचं घर सधन आहे. कुणीही म्हणेल. कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, पौड रोडला दुसरा भाड्याने दिलेला, मिस्टरांचा व्यवसाय उत्तम. दुसरा फ्लॅट माझ्या नावावर आहे. महाराष्ट्रात बाईच्या नावाने घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, २०२१ पासून. तेवढे पैसे वाचतात म्हणून माझ्या नावावर. निबंधक कार्यालयात अंगठा देऊन, फोटो काढून आले. त्याचं भाडं कुठल्या खात्यात जातं ते मला नक्की माहीत नाही. विचारलं तर “तुला काय कमी आहे?” हे उत्तर मिळतं, आणि खरंच काही कमी नाही.

मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या मुलीला केळवणाला बोलावलं. तिला हातात हजार रुपये द्यावेत असं वाटलं, तर मिस्टर घरी येईपर्यंत मी थांबले. तीही थांबली, चहा प्यायली दुसऱ्यांदा. हे थांबणं वेगळं, दाखलेबहाद्दर. आर्टिकलशिपची आई थांबते ते निराळं.

उत्पन्नाचा दाखला कुटुंबाचा निघतो. माझा वेगळा काढला तर मी पिवळ्या कार्डात बसेन.

नदीकाठची

बाळ, तुझ्या नावावरच्या फ्लॅटचा भाडेकरार झाला असेल तर त्यावर तुझी सही असणार. ती आठव. कुठे, कधी, कुणाच्या सांगण्यावरून केलीस.

स्वयंपाकघरातून

हो आजी. घरीच एक मुलगा मशीन घेऊन आला होता, अंगठा घेतला. ऑनलाइन होतं सगळं. कागद मिस्टरांच्या मेलवर गेला.

चक्रवाढ_चंदू

ताई, आता मी गणित सोडून कामाचं बोलतो.

भाडेकराराची नोंदणी झाली आहे म्हणजे त्याचा दस्तक्रमांक आहे, आणि मालक तुम्ही आहात. नोंदणी विभागाच्या साइटवर दस्त शोधता येतो. तारीख आठवली तर सोपं जाईल. करारात भाडं किती ते लिहिलेलं असतं. दुसरं, मालमत्ता तुमची असेल तर भाड्याचं उत्पन्न कुणाच्या रिटर्नमध्ये दाखवलं आहे, हे तुमच्या पॅनवर प्राप्तिकराच्या पोर्टलला लॉगिन करून बघा. एआयएस नावाचं पत्रक असतं, तुमच्या पॅनवर नोंदलेले व्यवहार त्यात दिसतात. तुमच्या नावाने रिटर्न भरलं जात असेल तर तेही तिथेच सापडेल. बऱ्याच बायकांच्या नावाने भरलं जातं आणि त्यांना पत्ता नसतो.

तिसरं, जॉइंट खातं असेल तर त्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ आहे का बघा. असेल तर तुम्ही एकट्याच्या सहीने पैसे काढू शकता. फक्त नॉमिनी असाल तर नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हा गोंधळ फार आहे.

आर्टिकलशिप_चालू

ताई, एआयएस डाउनलोड केल्यावर फाइलला पासवर्ड लागतो: पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख, मध्ये जागा न सोडता. ओटीपी कुठल्या मोबाइलवर जातो ते आधी तपासा. आमच्या ऑफिसात दर जुलैत असं होतं, बाईंचं रिटर्न आणि ओटीपी मिस्टरांच्या फोनवर. मोबाइल नंबर बदलायचा पर्याय प्रोफाइलमध्ये आहे, पण आधीच्या नंबरची गरज पडू नये म्हणून आधारच्या ओटीपीने लॉगिन करा.

स्वयंपाकघरातून

आधारला माझाच नंबर आहे, रेशनच्या वेळी जोडला होता. बघते.

बालेवाडीचा_बैल

बायकोला हा धागा वाचायला दिला. तिने एवढंच विचारलं की आपल्या एसआयपीला नॉमिनी कोण आहे. मी शोधतोय.

स्वयंपाकघरातून

सापडलं. पत्रकात भाडं दिसतंय, महिना २६ हजार, आणि माझ्या नावाने रिटर्न भरलेलं आहे, तीन वर्षांचं. त्यात एक बचत खातंही आहे, कर्वे रोडच्या शाखेतलं, फक्त माझ्या नावाचं. पासबुक मी पाहिलेलं नाही.

उद्या सकाळी शाखेत जाते. काय काय न्यायचं?

आर्टिकलशिप_चालू

आधार, पॅन, दोन फोटो. पासबुकाची दुसरी प्रत मागायचा अर्ज तिथेच मिळतो. चेकबुक आणि डेबिट कार्डाचे फॉर्म वेगळे असतात, तेही मागून घ्या. आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलायचा फॉर्म सगळ्यात आधी भरा, नाहीतर बाकीच्या फॉर्मांचे मेसेज दुसरीकडे जातील. साडेदहाच्या आत पोचा, नंतर पेन्शनवाल्यांची गर्दी होते.

पिंपरीचा_भोंगा

आमच्यावर कशाला घसरता? पण बरोबर आहे, साडेदहाच्या आत जा.